पहाडी गावात पाहुणा कपड्यांवरून कसा ओळखू येतो?

लष्करवासी (धागाकर्ते)

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांकडे सरकू लागला की आपल्या लष्कर भागातली बरीच घरे कुलपे लावून हिमाचल नाहीतर उत्तराखंडाची वाट धरतात, आणि परत आल्यावर प्रत्येकाच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येते : तिथल्या बाजारात आपण तोंड उघडण्याच्या आतच टॅक्सीवाले, शालींचे दुकानदार आणि हॉटेलांचे दलाल आपल्याला बाहेरचे म्हणून हेरतात. भाषेने आपण उघडे पडतो म्हणावे, तर हिंदी आपण त्यांच्याइतक्याच सफाईने बोलतो. चेहरेपट्टीने म्हणावे, तर कुल्लू-मनालीच्या बाजारात गोरे, सावळे, तिबेटी वळणाचे, मैदानी वळणाचे असे सगळे चेहरे रोजचेच आहेत. उरतात ते कपडे, आणि या धाग्यात त्यांच्याविषयीच बोलावे अशी इच्छा आहे.

माझ्या पाहण्यात आलेले आधी मांडतो. पाहुण्याच्या अंगावरचे सगळे कपडे एकाच वयाचे असतात. स्वेटर, मफलर, हातमोजे, बूट आणि कानटोपी ही सारी खरेदी एकाच आठवड्यात झालेली असल्यामुळे माणूस डोक्यापासून पायापर्यंत सारखाच कोरा दिसतो. तिथल्या माणसाच्या अंगावर मात्र यंदाचे जॅकेट, कैक हिवाळे काढलेला स्वेटर आणि वडिलांचा मफलर सुखाने एकत्र नांदतात. शिवाय पाहुण्याला हवेचा अंदाज नसतो, म्हणून तो एकतर आणलेले सगळे एकदम अंगावर चढवतो, नाहीतर दुपारच्या उन्हाला भुलून अर्ध्या चड्डीत बाहेर पडतो आणि सूर्य डोंगराआड गेला की मॉल रोडवर मिळेल ती शाल मिळेल त्या भावाने विकत घेतो.

ज्यांनी त्या भागात वास्तव्य केले आहे किंवा ज्यांना कापडातले कळते, अशांनी सविस्तर लिहावे. ‘तिकडे सगळे लुटतात’ एवढ्यावर प्रतिसाद संपवू नयेत, ही विनंती.

बियासकाठी

बँकेच्या नोकरीमुळे माझी बरीच वर्षे कुल्लू खोऱ्यात गेली, तेव्हा तिथल्या बाजूने लिहितो.

बायकांपासून सुरुवात करतो, कारण पहाडी पोशाख रोजच्या वापरात टिकला आहे तो मुख्यतः त्यांच्यामुळे. कुल्लूच्या खेड्यांतली मध्यमवयीन बाई सलवार-कमीजवर पट्टू नेसते. पट्टू म्हणजे जाड लोकरी वस्त्र, शालीहून बरेच मोठे. ते अंगाभोवती गुंडाळून दोन्ही खांद्यांच्या पुढे चांदीच्या बूमणीने, म्हणजे मोठ्या टाचणीने, अडकवतात. दोन्ही बूमण्यांना जोडणारी साखळी गळ्याखाली लोंबते, कमरेला पट्टा आवळला जातो आणि डोक्याला बांधलेल्या धाटूची गाठ मानेमागे येते. आमच्या शेजारच्या आजी सकाळी अंगणात उभ्या राहून, एक बूमणी दातांत धरून, नातवाला शाळेसाठी हाका मारत मारत पट्टू असा काही चापून घेत की आरशाची गरज त्यांना कधी पडली नसावी. रोजचा पट्टू साध्या चौकड्यांचा असतो. काठावर रंगीत नक्षी असलेला पट्टू लग्नाला, देवाच्या जत्रेला निघतो. आपल्या लोकांनी पाहिलेला असतो तो बहुधा हाच दुसरा, आणि तोही मनालीच्या हिडिंबा मंदिराच्या आवारात, फोटोसाठी भाड्याने दिला जाणारा.

या आजी गवत आणायला निघाल्या की पाठीवर किल्टा, म्हणजे निमुळत्या बुडाची उंच टोपली घेत आणि पट्टूच्या जाड घडीमुळे टोपलीचा काच पाठीला लागत नसे. मेंढपाळ गद्दी लोकांचा पोशाख पाहिला तर हे आणखी स्पष्ट होते. त्यांचा चोळा गुडघ्यापर्यंत येणारा, पांढऱ्या लोकरीचा, आणि त्यावर कमरेभोवती कितीतरी वेढे घेतलेला काळ्या लोकरीचा दोर, ज्याला डोरा म्हणतात. डोऱ्यामुळे चोळ्याच्या वरच्या भागाची ऐसपैस झोळी होते आणि नुकते जन्मलेले कोकरू मेंढपाळ त्या झोळीत घालून खिंड चढतो. प्रसंगी डोरा दोरखंड म्हणूनही कामी येतो.

म्हणून कपड्याचा प्रकार मला दुय्यम वाटतो. तिथल्या माणसाच्या कपड्यांना दिवसभर काही ना काही काम असते. पाहुण्याच्या कपड्यांना थंडी अडवणे आणि फोटोत दिसणे यांपलीकडे काम नसते, आणि हे रिकामपण लांबूनही दिसते. सफरचंदाच्या बागेत काम करणाऱ्या मुलाचे जॅकेट मनालीतल्याच दुकानातले असते, पण त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या असतात, खिसे छाटणीच्या कात्रीने बाहेर आलेले असतात आणि गुडघ्यावर माती वाळलेली असते. तसेच जॅकेट आपला मुलगा घालतो तेव्हा त्याची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली असते.

ख्यालिया

बियासकाठी यांचे वर्णन वाचताना मजा आली, पण ते ज्या पिढीविषयी लिहीत आहेत ती आता बाजारात फारशी दिसत नाही, हे नम्रपणे नोंदवावेसे वाटते. मी संगणकाचे काम करतो आणि कार्यालयाने घरून काम करण्याची मुभा दिल्यापासून वर्षातला काही काळ जुन्या मनालीत काढतो. तिथला चाळिशीच्या आतला स्थानिक माणूस जीन्स, हुडी आणि कापसासारखे फुगीर जॅकेट घालतो, बहुतेक वेळा काळे किंवा गडद निळे, कारण धूळ आणि लाकडाच्या धुराचा काळपटपणा त्यात खपून जातो. पाहुण्यांचे रंग मात्र लाल, पिवळे, पोपटी असतात, कारण ते हिरव्या-पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोटोत उठून दिसतात.

आणि पाहुणा म्हणजे एकच जात नव्हे. कुटुंबासह आलेला पाहुणा वेगळा. गुडघ्यांना संरक्षक पट्टे बांधून, जड जॅकेटमध्ये घामाघूम होत लेहच्या दिशेने निघालेला मोटारसायकलवाला वेगळा. सगळ्यांत गमतीचा माझ्यासारखा मुक्काम ठोकून राहिलेला : सैल पायजमा, हाताने विणलेली रंगीबेरंगी टोपी, भांगेच्या धाग्याची पिशवी, खरखरीत लोकरी जाकीट. जुनी मनाली, वशिष्ठ आणि कसोल इथल्या दुकानांत हा सगळा माल ‘पहाडी’ म्हणून खपतो आणि तो अंगावर घालून फिरणारा स्थानिक माणूस मी अजून पाहिलेला नाही. म्हणजे जो जितका पहाडी दिसायला जातो, तो तितका लवकर ओळखू येतो.

हिडिंबेच्या आवारातल्या फोटोंविषयी तर बोलायलाच नको. जीन्सवर पट्टू, बूमणीच्या जागी सेफ्टी पिन, हातात अंगोरा ससा आणि शेजारी कंटाळलेला याक.

चंदेरी_पदर

ख्यालिया, तुमचा शेवटचा परिच्छेद मला खटकला. तो ससा घेऊन उभ्या राहणाऱ्या आणि पट्टू नेसवून देणाऱ्या बायका त्या आसपासच्या गावांतल्याच असतात आणि सुट्टीच्या हंगामातली ही कमाई त्यांच्या हातात राहते. मला त्यांच्यातल्या एकीने पट्टू नेसवला तेव्हा तिने स्वतःचा चौकड्यांचा पट्टू नेसलेला होता आणि मला मात्र काठाला मोठी नक्षी असलेला दिला. का, असे विचारल्यावर ती म्हणाली की साध्या पट्टूचे पैसे कोण देणार! तिला दोन्हींतला फरक आपल्यापेक्षा चांगला ठाऊक होता. त्या मंदिराविषयीही एक सांगते : 1553 मध्ये राजा बहादुर सिंहाने ते बांधले. देवदारांच्या त्या राईत लोक आधी मंदिराकडे पाहतात की पट्टूवालीकडे, हे ज्याने त्याने ठरवावे.

आपल्याकडे महाराज बाड्यावर किंवा किल्ल्यावर येणारे परदेशी पाहुणे हत्तींची चित्रे छापलेले सैल पायजमे घालून फिरतात तेव्हा आपण त्यांना हसतो का? हसतो, पण प्रेमानेच. सत्काराच्या वेळी पाहुण्याच्या डोक्यावर शिंदेशाही पगडी ठेवतानाही, ती ज्याला रोज घालायची नसते त्याच्याच डोक्यावर आपण ठेवतो.

ताणाबाणा

माझे सारे आयुष्य कापड गिरणीत गेले (आपले शहर एके काळी सूटिंगच्या कापडासाठी देशभर ओळखले जाई, हे नव्या पिढीला सांगावे लागते), तेव्हा कापडाच्या अंगाने काही लिहितो.

ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून साधारण 200 मीटरवर आहे आणि मनाली 2,050 मीटरवर. उंची 1,000 मीटरने वाढली की तापमान सुमारे 6.5 अंशांनी उतरते, म्हणजे नुसत्या उंचीने दोन्ही गावांत 12 अंशांचा फरक पडतो. पण ग्वाल्हेरकराला थंडी नवी नाही. जानेवारीत आपल्याकडेही पारा 5 अंशांच्या खाली जातो आणि आपली घरे काही उबदार नसतात. आपल्याला नवा असतो तो एकाच दिवसातला चढउतार. उंचावरची हवा विरळ आणि कोरडी असल्यामुळे उन्हात अंग भाजते आणि चार पावले सावलीत गेले की हुडहुडी भरते. तिथल्या लोकांचे कपडे या चढउतारासाठी बनलेले असतात. पुढून उघडणारा कोट, खांद्यावर टाकता येणारी शाल, सैल करता येणारा पट्टू यांपैकी काहीही न उतरवता कमी-जास्त करता येते. आपण नेतो तो डोक्यातून घालायचा घट्ट स्वेटर, त्याच्या आत थर्मल आणि वर जाड कोट. उन्हात घाम फुटतो, रस्त्यात कपडे उतरवण्याची सोय नसते, घामाने आतला थर ओला होतो आणि संध्याकाळी तोच ओला थर माणसाला गारठवतो.

इथे सुती कापड दगा देते. सुती धागा पाणी धरून ठेवतो आणि ओला झाला की त्याची ऊब संपते. जीन्सचे कापड तर इतके जाड की बर्फात भिजल्यावर ते दिवसभर वाळत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही आणि तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये अडकलेली हवा ऊब टिकवते. स्थानिक मुले जीन्स घालतात हे ख्यालिया यांचे म्हणणे खरे आहे, पण ती मुले बर्फात खेळायला जीन्स घालून जात नाहीत.

आता एक विनोद. आपण हिवाळ्यात इथल्या तिबेटी बाजारातून स्वेटर घेतो आणि तो घालून मनालीला जातो. तो स्वेटर बहुधा लुधियान्यात विणलेला असतो. मनालीच्या मॉल रोडवरही लुधियान्याचाच माल असतो. म्हणजे एकाच कारखान्यातले दोन स्वेटर तिथे समोरासमोर येतात, एक पाहुण्याच्या अंगावर आणि दुसरा स्थानिकाच्या, आणि तरीही कोण कुठला हे ओळखू येते. त्यामुळे बियासकाठी म्हणतात ते मला पटते : फरक कापडाच्या जातीत शोधू नये, ते कसे वापरले जाते त्यात शोधावा.

मांडवीकर

बडोद्याहून लिहितो. तुम्हा ग्वाल्हेरकरांकडे निदान थंडीचे कपडे असतात. आमच्या घरात लोकरीची वस्तू म्हणजे आजोबांचा एक कोट आणि मुंजीत आलेली शाल. त्यामुळे मनालीला जाणारे प्रत्येक बडोदेकर कुटुंब आधी उसनवारीला निघते आणि कोणाचे जॅकेट कोणाच्या अंगावर आहे हे फोटोंवरून सगळ्या सोसायटीला कळते. सहल कंपन्या सर्वांना एकाच रंगाच्या टोप्या वाटतात, मग ओळखायला आणखी काही लागतच नाही.

सहलीचा_सारथी

मी ग्वाल्हेरहून लहान गट घेऊन पहाडात जातो. रोहतांग खिंडीच्या वाटेवरच्या भाड्याच्या कपड्यांविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, याचे आश्चर्य वाटते, कारण पाहुण्याचा खरा गणवेश तोच आहे.

मनालीहून रोहतांगच्या रस्त्याला लागले की पलचान आणि कोठीच्या बाजूला भाड्याने कोट देणारी दुकाने ओळीने येतात आणि प्रत्येकावर भला मोठा क्रमांक रंगवलेला असतो. आपला चालक कोणत्या क्रमांकावर थांबणार हे त्याचे आधीच ठरलेले असते. तिथे गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध जाड पोशाख, गमबूट आणि हातमोजे मिळतात. पायमोजे बहुधा वेगळे विकत घ्यावे लागतात. पोशाख भडक रंगांचे असतात आणि अनेकांच्या बाहीवर दुकानाचा क्रमांक लिहिलेला असतो. एका सहलीत एका दुकानाने आमच्या गटातल्या काकूंना दिलेल्या पोशाखाची चेन मध्येच तुटलेली होती आणि तिथे नाडी ओवलेली होती. आतले अस्तर आदल्या दिवशीच्या बर्फाने ओलेच होते. काकूंनी तो बदलून मागितला तेव्हा दुकानदाराने शांतपणे सांगितले की वर गेल्यावर सगळेच ओले होतात.

आता मुद्दा. रोहतांग 3,978 मीटरवर आहे. वर पोहोचल्यावर सगळा उतार त्या भडक, फुगलेल्या पोशाखांनी भरलेला असतो आणि माणसे एकमेकांना ओळखू येत नाहीत. मी माझे लोक दुकानाच्या क्रमांकावरून शोधतो. आणि या गर्दीत साध्या कपड्यांतली जी थोडी माणसे दिसतात, म्हणजे मॅगी करणारा, स्लेज ओढणारा, घोडेवाला, ती सगळी तिथली. त्यांच्या अंगावर रोजचेच जॅकेट, डोक्याला कापड किंवा टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि पायांत स्वतःच्या मापाचे बूट. काळ्या चष्म्याची चैन वाटू नये. उंची 1,000 मीटरने वाढली की अतिनील किरणे साधारण 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. आपले लोक सगळे अंग झाकतात आणि चेहरा उघडा ठेवतात, म्हणून परतीच्या बसमध्ये सगळ्यांची नाके सोललेली असतात.

रोहतांगला दिवसाला 1,200 गाड्यांची मर्यादा आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून बरीच गर्दी पलीकडे लाहौलमध्ये, सिस्सूकडे वळली आहे, आणि भाड्याचे पोशाखही तिच्याबरोबर बोगदा ओलांडून गेले आहेत. मे-जूनमध्ये सिस्सूच्या बटाट्याच्या आणि वाटाण्याच्या शेतांच्या कडेला, जिथे बर्फाचा मागमूस नसतो, तिथे लोक तो पोशाख घालून उभे असतात, कारण भाडे दिवसाचे भरलेले असते! शेतात काम करणाऱ्या बायका मान वर करून एकदा पाहतात आणि पुन्हा कामाला लागतात.

बियासकाठी

ख्यालिया यांनी टोप्यांचा उल्लेख केला, पण खऱ्या पहाडी टोपीविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे, कारण पाहुणे सगळ्यांत जास्त विकत घेतात ती हीच वस्तू आणि सगळ्यांत कमी जाणतात तीही हीच.

कुल्लवी टोपी बसकी, गोल असते आणि तिच्या पुढच्या पट्टीवर हातमागावर विणलेली रंगीत भौमितिक नक्षी असते. बुशहरी टोपीची पट्टी हिरव्या मखमलीची; रामपूर बुशहर हे सतलज खोऱ्यातले जुने संस्थान, त्याच्या नावाने ती ओळखली जाते. किन्नौरमध्ये हिरव्या पट्टीची टोपी बायकाही घालतात, कुल्लूत मात्र टोपी पुरुषांची आणि धाटू बायकांचा. हे झाले प्रदेशाचे. त्यावर राजकारणाचा थर चढला. काँग्रेसचे वीरभद्र सिंह बुशहरच्या राजघराण्यातले, त्यांच्या डोक्यावर कायम हिरवी टोपी. भाजपचे प्रेमकुमार धुमल यांच्या डोक्यावर तांबडी. दोघे आलटून पालटून मुख्यमंत्री झाले आणि टोपीच्या पट्टीचा रंग हा पक्षाचा रंग होऊन बसला. सरकार बदलले की कार्यालयांत टोप्या बदलत असत, असे तिथे सर्रास म्हटले जाई. बँकेत कर्जाचा अर्ज घेऊन येणारे एक गृहस्थ त्या काळात दोन्ही टोप्या पिशवीत बाळगत आणि कोणाला भेटायचे ते पाहून एक काढत. मला भेटायला ते बोडक्याने येत. बँकवाल्याचा पक्ष त्यांना ठरवता आला नसावा. आता हा प्रकार पुष्कळ ओसरला आहे. पाहुणा मात्र तेव्हाही साडीच्या काठाशी जुळणारा रंग निवडत असे आणि आजही निवडतो.

ख्यालिया म्हणतात की पहाडी दिसायला जाणारा लवकर ओळखू येतो. टोपीच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. वयस्क कुल्लवी माणूस भर मे महिन्यातही टोपी घालतो, त्यामुळे टोपी पाहून कोण कुठला हे ठरत नाही. टोपीबरोबर काय आहे ते पाहावे. त्याच्याकडे तिच्यासोबत कोट किंवा बंडी असते, टोपीची पट्टी कपाळाच्या घामाने मऊ आणि काळपट झालेली असते, आणि दसऱ्याला तो तिच्यात फुले खोवतो. कुल्लूचा दसरा विजयादशमीला, म्हणजे इतरत्र संपतो त्या दिवशी, सुरू होतो आणि सात दिवस चालतो. ढालपूर मैदानावर गावोगावचे देव पालख्यांतून येतात तेव्हा वाजंत्र्यांपासून पालखीवाल्यांपर्यंत सगळे टोपीत असतात, आणि जी तरुण मुले एरवी हुडीत दिसतात तीही त्या दिवशी टोपी घालतात. त्या मैदानावर पाहुणा ओळखायचा असेल तर बोडक्या डोक्याचा शोधावा.

तिस्ताकाठ

माझे यजमान नोकरीनिमित्त गंगटोकला होते, त्यामुळे पूर्वेकडचे थोडे सांगते. तिथे प्रश्नच उलटा होता. एम. जी. मार्गावर संध्याकाळी फिरणारी सिक्कीमची तरुण मुले-मुली इतकी नेटकी, बेतशुद्ध कपड्यांत असत की चुरगळलेल्या कपड्यांत दिसेल तो पाहुणा समजावा. बूट स्वच्छ, केस नीट, अंगावर जेमतेम एक जॅकेट आणि हातात छत्री. पाहुणे मात्र कानटोप्या आणि मफलर गुंडाळून, पावसात प्लॅस्टिकचा रेनकोट वरून ओढून फिरत. सणावाराला तिथल्या भुतिया समाजाच्या बायका बाखू नेसत, म्हणजे घोट्यापर्यंतचा बिनबाह्यांचा झगा आणि आत पूर्ण बाह्यांचे पोलके. लग्न झालेल्या स्त्रिया पुढे आडव्या पट्ट्यांचे पांगदेन, म्हणजे एप्रन, बांधत. शाळेच्या संमेलनाला एका शिक्षिकेने मला बाखू नेसवला, पण पांगदेन बांधू की नको यावर त्यांच्यातच चर्चा रंगली, कारण मी विवाहित असले तरी भुतिया नव्हते. शेवटी बांधले.

लष्करवासी

सर्वांचे आभार. आता थोडा व्यवहाराचा प्रश्न विचारतो. कपड्यांमुळे बाहेरचा म्हणून ओळखले गेल्याने भावात खरोखर फरक पडतो का? आणि जुने, वापरातले कपडे घालून गेल्यास तो कमी होतो का?

सहलीचा_सारथी

फरक पडतो, पण कपडे बदलून तो मिटत नाही. दुकानदार कपड्यांबरोबर वेळही पाहतो. सकाळी अकरा वाजता जो माणूस रिकाम्या हाताने बाजारात हिंडतो आहे, तो तिथला असणे शक्य नाही, कारण तिथली माणसे तेव्हा कामावर असतात. टॅक्सीला संघटनेचे ठरलेले दर असतात, तिथे मळके जॅकेट घालून काही साधत नाही. शालींच्या बाबतीत सहकारी संस्थांच्या दुकानांतून घ्यावे. भुट्टी गावच्या विणकरांची संस्था 1944 पासून आहे, तिच्या दुकानांत किंमत लिहिलेली असते आणि ती सगळ्यांना सारखी असते.

ताणाबाणा

त्याला जोडून. रस्त्यावर काही शे रुपयांना पश्मीना म्हणून मिळते ती शाल ॲक्रिलिकची असते, एवढे गृहीत धरावे. खात्री करायची तर झालरीतला एक धागा काढून जाळावा : लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख बोटांनी चुरडली जाते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा अर्थात खरेदीच्या आधी आणि दुकानदाराला विचारून करावी. कुल्लूच्या हातमागावरच्या शालीत नक्षीचे रंगीत धागे हाताने भरलेले असल्यामुळे उलट्या बाजूला त्यांचे दुवे दिसतात. मागची बाजू छापल्यासारखी एकसारखी असेल तर शंका घ्यावी.

चंदेरी_पदर

बियासकाठी काका, मी मागच्या सहलीत साधा चौकड्यांचा पट्टू विकत घेतला, तो नक्षीचा नव्हे. ग्वाल्हेरच्या जानेवारीत तो कसा वापरावा आणि पुढे उन्हाळा-पावसाळा कसा ठेवावा, हे सांगाल का? इथे तो नेसून बाड्यावर गेले तर मीच पाहुणी ठरेन.

बियासकाठी

ताई, नेसायचा नसेल तर दुहेरी घडी करून खांद्यांवरून घ्यावा; पहाटे व्यापार मेळ्याच्या बाजूला फिरायला जाताना दुसरे काही लागणार नाही. रात्री रजईवर टाकला तर रजई एक थर हलकी चालते. बूमणी घेतली नसेल तर साडीची साधी पिन वापरू नये, जाड विणीत ती वाकते. इथल्या सराफ्यात मोठी चांदीची टाचणी करून मिळेल. पट्टू यंत्रात धुवू नये आणि गरम पाणी लावू नये, आटून तो नातीला येईल एवढा होईल. होळीनंतर दोन दिवस उन्हात उलटसुलट घालावा, चांगला झटकावा आणि वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह सुती पंच्यात गुंडाळून ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये. पावसाळ्यात एकदा कोरडा दिवस पाहून उघडावा, कसर लागली असेल तर तेव्हाच कळते.